पडून असलेला टायर

वापरात नसलेला टायर झिजत नाही, तरी त्याचे वय वाढतच असते. नक्षी खोल दिसते, रंग काळाभोर असतो, आणि आतले रबर मात्र वर्षागणिक कडक होत गेलेले असते. बाजूच्या भिंतीवर आधी केसाएवढ्या बारीक चिरा येतात, मग त्या एकमेकींना मिळत जातात. हे किती लवकर घडेल ते टायर कुठे आणि कसा ठेवला आहे यावर ठरते. छत्रपती संभाजीनगरच्या उन्हात गच्चीवर टाकलेला टायर आणि त्याच घरात जिन्याखालच्या खोलीत उभा ठेवलेला त्याच्या जोडीचा टायर, हे दोन उन्हाळ्यांनंतर एकाच वयाचे राहत नाहीत.

घरात जादा टायर साठण्याची कारणे अनेक. नवी गाडी घेतल्यावर रुंद टायर आणि अलॉय व्हील बसवण्याची हौस असते. मग कंपनीचे कोरे टायर घरी येतात. चारपैकी दोन बदलले की काढलेल्यांतला बरा टायर 'अडीअडचणीला असू द्या' म्हणून ठेवला जातो. सीएनजीची टाकी बसवली की डिकीत स्टेपनीला जागा उरत नाही आणि ती घराच्या कोपऱ्यात जाते. गावाकडे शेती असणाऱ्यांकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीचे टायर असतात. उसाच्या ट्रॉल्या आणि बैलांच्या टायरगाड्या तर हंगाम संपला की पुढच्या दिवाळीपर्यंत जागच्या हलत नाहीत. यातला जवळजवळ प्रत्येक टायर कधीतरी पुन्हा रस्त्यावर यायचा असतो.

तो रस्ताही आता पूर्वीचा राहिलेला नाही. नागपूरहून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग छत्रपती संभाजीनगर शहराला खेटून जातो. सावंगी आणि माळीवाडा इथून त्यावर चढता येते. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. कारला इथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. सिमेंटचा तापलेला रस्ता, तासन्‌तास न थांबता धावणारी गाडी आणि त्याखाली वाळलेल्या रबराचा टायर, हे जुळून आले की टायर फुटण्याचा धोका फार वाढतो. परिवहन विभागाने या मार्गावर गाड्यांच्या टायरची तपासणी सुरू केली ती याच काळजीतून. तपासणीत नक्षीची खोली मोजता येते. टायर मधली चार वर्षे गच्चीवर होता की घरात, हे मात्र मालकालाच ठाऊक असते.

कारच्या टायरमध्ये नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक म्हणजे बारीक काजळी, गंधक, तेले, मेण, पॉलिस्टरच्या धाग्यांचा थर आणि पोलादी तारांचे पट्टे असतात. गंधक मिसळून रबर तापवले की त्याच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधल्या जातात. उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होणारे कच्चे रबर त्यामुळे कणखर आणि लवचीक बनते. व्हल्कनायझेशन नावाची ही प्रक्रिया चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाला १८३९ मध्ये सापडली. त्याच्या नावाची टायर कंपनी तो गेल्यावर, १८९८ मध्ये निघाली आणि तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत १९९० च्या दशकात सिएट आणि गुडइयर यांनी मिळून 'साउथ एशिया टायर्स' हा कारखाना काढला. पुढे तो पूर्णपणे गुडइयरकडे गेला. कच्च्या रबराला टिकाऊ करणारी ही क्रिया अशी शहराच्या वेशीवरच रोज घडते.

कारखान्यात जे साध्या रबराचे भले करते तेच पुढे अति झाले की नडते. हवेतला प्राणवायू हळूहळू रबरात शिरतो, साखळ्यांमध्ये आणखी दुवे तयार करतो, काही ठिकाणी साखळ्या तोडतो. रबर कडक होते, ताणले की पूर्वीसारखे परत येत नाही. या क्रियेचा वेग तापमानावर अवलंबून असतो. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की क्रिया सुमारे दुप्पट वेगाने होते. म्हणजे २५ अंशांच्या खोलीत जे चार महिन्यांत होईल ते ४५ अंशांच्या पत्र्याच्या शेडमध्ये साधारण एका महिन्यात होते. मे महिन्यात शहराचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो तो सावलीत मोजलेला. उघड्या गच्चीवर, तापलेल्या स्लॅबवर पडलेल्या काळ्या टायरचा पृष्ठभाग ६० अंश सहज ओलांडतो.

उन्हातला अतिनील प्रकाश हा दुसरा शत्रू. टायर काळे असतात ते काही अंशी याच कारणाने: कार्बन ब्लॅक रबराला बळकटी देतो आणि अतिनील किरण स्वतः शोषून घेऊन आतल्या साखळ्या वाचवतो. हे संरक्षण चांगले असले तरी अमर्याद नाही. सततच्या उन्हाने वरचा थर निस्तेज, भुरकट होतो आणि त्याला चिरा पडायला लागतात.

तिसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. वाहनांच्या धुरातले वायू आणि कडक ऊन यांच्यातून जमिनीलगत ओझोन तयार होतो. रबराच्या साखळ्यांत जे दुहेरी बंध असतात त्यांवर तो थेट हल्ला करतो. यातली एक गोष्ट टायर ठेवण्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे: ताण नसलेल्या रबराला ओझोन जवळजवळ चिरा पाडू शकत नाही. रबर थोडेसेही ताणलेले असेल तर मात्र ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पडतात आणि खोल जातात. रबराची पट्टी वाकवून उन्हात ठेवली तर बाकाच्या बाहेरच्या अंगालाच आधी चिरा दिसतात, त्या यामुळेच. टायर दबलेला, वाकलेला किंवा लटकलेला ठेवू नये, या सल्ल्यामागे हेच शास्त्र आहे.

ओझोनला रोखण्यासाठी कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनविरोधी रसायने मिसळतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात. चालत्या गाडीचा टायर सतत दबतो आणि सुटतो, त्यामुळे ही द्रव्ये बाहेर येत राहतात. पडून असलेल्या टायरमध्ये हा पुरवठा मंदावतो. ठेवलेल्या टायरवर जी तपकिरी झाक दिसते ती बहुतेक वेळा या रसायनांचीच असते. ती घाण समजून पेट्रोलने किंवा रॉकेलने घासून काढणे म्हणजे टायरचे कवच आपल्या हाताने सोलणे.

आता प्रश्न जागेचा. रबरी वस्तूंच्या साठवणीसाठी आयएसओ २२३० नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यानुसार साठवणीचे तापमान शक्यतो २५ अंशांखाली असावे. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातल्या कोणत्याही साध्या घरात हे जमणार नाही. म्हणून इथला खरा प्रश्न एवढाच उरतो, की घरातली सगळ्यात कमी तापणारी, अंधारी आणि कोरडी जागा कोणती. बहुतेक घरांत ती तळमजल्यावर असते: जिन्याखालची खोली, उत्तरेकडची अडगळीची खोली, आतल्या खोलीतला दिवाण. एक टायर दिवाणाखाली आडवा सहज मावतो आणि कुणाच्या पायात येत नाही. वरच्या मजल्यावरचा माळा मात्र फसवा. तो बंद आणि अंधारा असतो, पण त्याच्या डोक्यावरच तापलेला स्लॅब असतो आणि रात्री उशिरापर्यंत तो उष्णता खाली सोडत राहतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण खरी आहे. तिथे टायरसाठी बाल्कनी किंवा पार्किंग एवढेच पर्याय सुचतात. बाल्कनी पश्चिमेची असेल तर दुपारनंतरचे सगळे ऊन तिच्यात येते. अशा बाल्कनीपेक्षा पलंगाखालची जागा कधीही बरी. पार्किंगमध्ये ठेवायचे झाल्यास खांबाआडची, दिवसभर सावलीत राहणारी आणि पावसाचे पाणी न येणारी जागा निवडावी. तळघरातल्या पार्किंगमध्ये गारवा असतो, पण पावसाळ्यात ओल आणि कधीकधी पाणीही असते. तिथे टायर जमिनीवर न टेकवता लाकडी फळीवर किंवा पॅलेटवर ठेवणे भाग आहे.

टायरशेजारी काय आहे हेही पाहावे. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल, ग्रीस, थिनर, रंगाचे डबे यांच्या संपर्काने रबर फुगते आणि मऊ पडते. जमिनीवर सांडलेल्या तेलाचा जुना डागसुद्धा पुरेसा असतो. वेल्डिंगचे काम चालते तिथे ओझोन तयार होतो, आणि कार्बन ब्रश असलेल्या मोटारीतून, म्हणजे ड्रिल मशीन किंवा ग्राइंडर चालताना ज्या ठिणग्या दिसतात, त्यांतूनही. अशी यंत्रे वापरली जातात त्या खोलीत टायर ठेवू नयेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळही नकोत. ॲसिडशी त्यांचा संबंध येऊ नये. गॅस सिलिंडर, मीटरचे बोर्ड, देवघरातला दिवा यांपासून तर लांबच. टायर सहजासहजी पेटत नाही, पण एकदा पेटला की विझवणे अवघड असते. जळताना त्यातून तेल सुटते आणि दाट विषारी धूर होतो. बंद घरात तो जिवावर बेततो.

ठेवण्याआधी टायर धुवावा. साबणाचे पाणी, जुना ब्रश आणि भरपूर स्वच्छ पाणी एवढे पुरते. ब्रेकची काळी भुकटी, डांबराचे थेंब, शेतातली काळी माती निघून गेली पाहिजे. नक्षीच्या खाचांत अडकलेले खडे पेचकसाच्या टोकाने एकेक करून काढावेत. या कामात टायर नीट पाहिला जातो, आणि तोच मोठा फायदा. खिळा रुतलेला असेल, काच घुसलेली असेल, बाजूच्या भिंतीवर कुठे फुगवटा असेल तर तो आता दिसतो. पंक्चर असल्यास आताच काढून घ्यावे. खिळ्याच्या भोकातून ओल आत गेली की पोलादी तारांना गंज धरतो, आणि तो बाहेरून ओळखू येत नाही.

चमक आणण्यासाठी काही ठिकाणी टायरला डिझेल किंवा जळके ऑइल चोळले जाते. दोन दिवस टायर छान काळा दिसतो. पण ही तेले रबरात मुरतात आणि त्याला मऊ करतात. साठवायच्या टायरला पॉलिशची गरजच नसते. तो कोरडा असावा एवढे महत्त्वाचे. धुतल्यावर सावलीत, हवेशीर जागी एक दिवस राहू द्यावा. आतल्या पोकळीतले पाणी फडक्याने टिपून काढावे, कारण टायर कसाही झुकवला तरी थोडे पाणी कडेच्या आत राहतेच.

याच वेळी खडूने किंवा पांढऱ्या मार्करने प्रत्येक टायरवर तो गाडीच्या कोणत्या चाकाचा होता ते लिहावे: पुढचा डावा, मागचा उजवा. काही टायरची नक्षी एकाच दिशेने फिरण्यासाठी केलेली असते आणि बाजूला बाण असतो. सहा महिन्यांनी ही माहिती डोक्यात राहत नाही. टायर कधी तयार झाला तेही तिथेच वाचता येते. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ असे असेल तर टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुमारास तयार झाला. हे आकडे अनेकदा एकाच बाजूला असतात, त्यामुळे गाडीला लावलेल्या टायरवर ते आतल्या अंगाला गेलेले असू शकतात. टायर हातात आहे तोवर ते टिपून ठेवावेत.

टायर रिमसह ठेवायचा की रिमशिवाय, यावर पुढची सगळी रीत ठरते. रिमवर चढवलेल्या टायरला आतून हवेचा आणि लोखंडाचा आधार असतो. असे टायर आडवे करून एकावर एक चार ठेवता येतात, किंवा रिममधून हूक घालून भिंतीवर टांगता येतात. ते उभे ठेवू नयेत. सगळे वजन महिनोन्‌महिने तळाच्या एकाच पट्ट्यावर येते आणि तिथे टायर चपटा होतो. त्यांत हवा असावी, गाडीच्या पुस्तिकेत सांगितली असेल तेवढी किंवा किंचित जास्त. हवा सोडलेला टायर रिमवर ढिला बसतो आणि आतल्या कडांचा आकार बिघडतो. व्हॉल्व्हला टोपण हवेच.

रिम नसलेल्या टायरचे उलट. ते उभे ठेवावेत, एकमेकांशेजारी, कुणी कुणाला न दाबता. महिन्यातून एकदा प्रत्येक टायर पाव वळसा फिरवावा, म्हणजे तोच भाग कायम दबणार नाही. असे टायर खिळ्याला किंवा दोरीला कधी टांगू नयेत. वरची कड सगळा भार घेते, ताणली जाते, आणि ताणलेल्या रबराला काय होते ते वर आलेच आहे. ट्यूबलेस टायरमध्ये तर हीच कड रिमला चिकटून हवा अडवते. जागेअभावी रिम नसलेले टायर आडवे रचावे लागले तर थर लहान ठेवावा आणि दर महिन्याला खालचा वर, वरचा खाली असा क्रम बदलावा. त्यांच्यावर जुनी कपाटे, खुर्च्या, गहू-ज्वारीची पोती चढवू नयेत.

कारचा एक टायर साधारण ७ ते १० किलोंचा असतो, रिमसह त्याचे वजन दुपटीच्या जवळ जाते. लहान मुले असलेल्या घरात भिंतीला टेकवून उभे केलेले टायर दोरीने बांधलेले असावेत. पॅसेजमध्ये गडगडलेला एक टायर मुलाला पाडायला पुरेसा असतो.

झाकण्यासाठी जाड, अपारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चांगली. पूर्ण कोरडा टायर तीत घालून हवा शक्य तितकी काढून तोंड चिकटपट्टीने बंद केले की प्राणवायू आणि ओझोन दोन्ही कमी पोचतात आणि रबरातली तेलेही कमी उडतात. टायरमध्ये ओल राहिली असेल तर मात्र पिशवी घात करते. आणि काळी पिशवी उन्हात ठेवली तर आत भट्टीच होते, त्यामुळे पिशवी घातली म्हणून टायर गच्चीवर चालेल असे समजू नये. खोलीत कापडी खोळ किंवा जुनी चादरही चालते. धूळ आणि उजेड अडला की झाले.

गच्चीचा विषय इथेच संपत नाही. उघड्यावर टाकलेल्या टायरने त्याच्या मालकाचे नुकसान होते ते होतेच, शेजाऱ्यांचे त्याहून मोठे होते. टायर आडवा टाका की उभा करा, त्याच्या पोकळीत पावसाचे पाणी अडकतेच, आणि ते ओतून काढायला गेले तरी पूर्ण निघत नाही. आत सावली असते, वाऱ्याने आलेला पाचोळा कुजत असतो, पाणी हलत नाही. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या एडिस डासाला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टायरच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी आटले तरी अंडी मरत नाहीत. ती कोरडी राहून अनेक महिने तग धरतात आणि पुढच्या पावसाचे पाणी चढले की उबतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवामानात आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळे साठे रिकामे करून कोरडे करायचे, हा 'कोरडा दिवस' सरकारी आरोग्य यंत्रणा पुन्हा पुन्हा सांगते.

टायर एडिसला किती दूर नेतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. एडिस आल्बोपिक्टस ही मूळची आशियातली जात १९८५ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन परिसरात ठाण मांडून बसलेली आढळली. शोध घेता घेता संशोधक आशियातून, विशेषतः जपानमधून जहाजाने येणाऱ्या जुन्या टायरपर्यंत पोचले. टायरच्या आत चिकटलेली कोरडी अंडी महासागर ओलांडून गेली होती. महासागराच्या मानाने शहरातल्या सिडको वसाहतीतल्या एका गच्चीवरून शेजारच्या गल्लीत जायला डासाला काहीच लागत नाही.

या शहरात ही काळजी आणखी वाढते. शहराचे पाणी मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणातून येते आणि अनेक वसाहतींना ते काही दिवसांच्या अंतराने मिळते. त्यामुळे टाक्या, पिंपे, रांजण भरून ठेवण्यावाचून लोकांना गत्यंतर नसते. भरलेल्या पिंपावर झाकण घालता येते, टाकी धुता येते, त्यात औषध टाकता येते. पाणी साठवणे ही गरज आहे. गच्चीवरचा टायर ही गरज नाही, आणि तो काढून टाकला तर कुणाचेच काही अडत नाही. जुलैपासून दिवाळीपर्यंत तरी घराबाहेर एकही उघडा टायर असू नये. काही कारणाने राहिलाच तर तो पक्का झाकावा. झोके, कुंड्या, कठडे यांसाठी वापरलेल्या टायरला तळाशी मोठी भोके पाडावीत, म्हणजे पाणी थांबणार नाही. आत बॅटरीचा झोत टाकून पाहिले तर पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या लगेच दिसतात. उजेड पडताच त्या तळाकडे जातात. असा टायर नुसता ओतून भागत नाही, आतली भिंत ब्रशने घासून अंडी काढावी लागतात.

गाडीतच राहणारी स्टेपनी हाही पडून असलेला टायरच. बोलेरो किंवा थारसारख्या गाडीच्या मागच्या दारावरची स्टेपनी वर्षभर ऊन खाते, त्यामुळे तिला खोळ असावी. एर्टिगासारख्या गाडीच्या पोटाखाली असलेली स्टेपनी उन्हापासून वाचते, पण चिखल आणि दगड झेलते. तिला धरून ठेवणारी साखळी आणि बोल्ट गंजून जाम होतात आणि पंक्चर झाल्यावरच ते कळते. पावसाळ्यानंतर एकदा ती खाली उतरवून पाहावी. डिकीतल्या स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा बाकी चार चाकांबरोबरच तपासावी, थोडी जास्तच ठेवावी. काही गाड्यांत मूळ चाकाहून अरुंद, फक्त तात्पुरते वापरायचे चाक असते. आकाराच्या आधी टी हे अक्षर असलेल्या अशा चाकात ६० पीएसआय हवा लागते आणि त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचे नसते.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, पंक्चर काढण्याचे किट आणि टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा असलेल्या लहान प्रवासी गाड्यांना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर स्टेपनी घरी ठेवण्याचे प्रमाण वाढणे साहजिक आहे. पण किट फक्त नक्षीच्या भागातल्या लहान भोकासाठी असते. बाजूची भिंत फाटली तर त्याचा उपयोग नाही, आणि तेव्हा घरी जपून ठेवलेली स्टेपनी घरीच असते. लांबच्या प्रवासाला निघताना ती गाडीत घालावी, सामानाची एक पिशवी कमी करावी लागली तरी.

महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी हाही याच प्रश्नाचा भाग. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे घरोघरी दिसले: गाडी सुरू केली तेव्हा पहिले काही किलोमीटर चाके धडधडत होती. जमिनीला टेकलेला भाग चपटा झाल्याची ती खूण. थोड्या दिवसांचा चपटेपणा चालवल्यावर, टायर गरम झाला की जातो. बरेच महिने तशीच राहिलेल्या गाडीचा कधीकधी जात नाही. पुणे-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या मुलांची गाडी आईवडिलांच्या दारात उभी असेल तर दर दोन आठवड्यांनी ती हातभर पुढे-मागे करावी, हवा पुरेपूर ठेवावी, उन्हाकडच्या चाकांसमोर फळी किंवा गोणपाट लावावे. तीन-चार महिन्यांहून जास्त काळ असेल तर मेकॅनिककडून चारही बाजू स्टँडवर उचलून घेतलेल्या बऱ्या. उसाच्या ट्रॉल्यांनाही हेच लागू होते. हंगाम संपल्यावर ट्रॉली रिकामी करून, लाकडी ओंडक्यांवर उचलून, झाडाच्या सावलीत उभी केली तर टायर पुढच्या गाळपाला तसाच मिळतो.

वर्षातून दोनदा टायर बदलून उरलेले सांभाळून ठेवण्याचा खरा सराव थंड देशांत गेलेल्या मराठी कुटुंबांना असतो. तापमान सुमारे ७ अंशांखाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि पकड सोडते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवलेले असते. जर्मनीत डिसेंबर २०१० पासून बर्फ किंवा गोठलेल्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी हवामान असेल तेव्हा, तर कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सरसकट. जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर असा ढोबळ हिशोब लोक तोंडपाठ ठेवतात. उरलेला संच घराच्या तळघरात, बहुधा रिमसह, एकावर एक रचून ठेवतात. ज्यांना जागा नाही त्यांचे टायर गॅरेजवालेच भाडे घेऊन सांभाळतात, आणि काढताना धुऊन, तपासून, नाव लिहून ठेवतात. आपल्याकडे टायरची दुकाने अशी सोय देऊ लागली तर फ्लॅटमधल्या अनेकांची अडचण सुटेल.

ठेवलेला टायर पुन्हा लावण्याआधी उजेडात नीट पाहावा. बाजूची भिंत अंगठ्याने दाबून थोडी वाकवली की मिटलेल्या चिरा उघडतात. त्या वरवरच्या आहेत की आतले धागे दिसताहेत हे कळते. धागे दिसले, फुगवटा आला असेल, आतल्या कडेचे रबर तुटले असेल तर तो टायर संपला. नक्षीची खोली कारसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी; खाचांच्या तळाशी त्या उंचीचे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला. वयाचा हिशोब वेगळा. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर कसाही दिसला तरी बाद, असे अनेक टायर कंपन्या सांगतात, आणि त्यात स्टेपनीही धरतात. ही मुदत थंड देशांनाही तीच आहे. मराठवाड्यातल्या उन्हात राहिलेल्या टायरसाठी ती वरची सीमा मानावी आणि त्याच्या बरेच आधी टायर बदलावा. लावल्यावर बॅलन्सिंग करून घ्यावे, पहिले काही दिवस हवा दोनदा तपासावी आणि असा टायर लावून लगेच महामार्गावर जाऊ नये.

बाद टायर घरात ठेवण्याला काहीच कारण उरत नाही. नवे टायर घेताना जुने दुकानदाराकडे देणे सगळ्यात सोपे. तिथून ते रिमोल्ड करणाऱ्यांकडे किंवा भंगारातून पुनर्वापराच्या कारखान्यांकडे जातात. तिथे रबराची भुकटी होते, तारांचे पोलाद वेगळे निघते. जुलै २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी बाद टायरच्या विल्हेवाटीची जबाबदारी टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. ती साखळी चालायची तर टायर नाल्यात, मोकळ्या प्लॉटवर किंवा होळीत न जाता दुकानापर्यंत पोचला पाहिजे.